शेजारचा रंग

मुलांनो, करड्या कागदाचे दोन सारखे चौकोन कापा. एक चौकोन काळ्या कागदाच्या मधोमध ठेवा व दुसरा पांढऱ्या कागदाच्या मधोमध ठेवा. आता दोन्हींकडे एकदमच पाहा. काळ्यावरचा चौकोन उजळ दिसेल आणि पांढऱ्यावरचा गडद. चौकोन तर एकाच कागदाचे! मग हा भेद कोठून आला?

हाच प्रश्न एकेकाळी फ्रान्समधील कारागिरांच्या अब्रूचा प्रश्न होऊन बसला होता. पॅरिस शहरात गोब्लँ नावाचा जुना व नामांकित विणकाम-कारखाना आहे. भिंतीवर टांगावयाचे चित्रमय पडदे तेथे विणले जातात. १८२४ साली मिशेल यूजेन शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ तेथील रंगविभागाचे प्रमुख झाले. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी वापरलेली काळी लोकर हवी तितकी काळी दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्या कानी आली. त्यांनी इतर प्रसिद्ध कारखान्यांतील काळी लोकर मिळवून ताडून पाहिली. गोब्लँची लोकर कोठेही उणी नव्हती. उणेपणा रंगात नव्हता; तो शेजारच्या निळ्या-जांभळ्या रंगामुळे भासत होता.

असाच एक तंटा कापडाच्या व्यापाऱ्यांत व छपाई करणाऱ्यांत झाला. व्यापाऱ्यांनी लाल, निळ्या व जांभळ्या कापडांवर काळी नक्षी छापावयास दिली होती. माल हाती येताच ते म्हणू लागले की, लाल कापडावरची नक्षी हिरवट आहे व निळ्यावरची नारिंगी छटेची आहे. काळा रंग वापरलेलाच नाही! शेव्रल यांनी पांढरा कागद नक्षीच्या आकाराने कोरला आणि कापडावर असा ठेवला की, रंगीत जमीन झाकली जावी व नक्षी तेवढी दिसावी. पाहतात तो नक्षी काळीच! छापणाऱ्यांवरचा आळ खोटा ठरला.

असे का होते? आपले डोळे व मेंदू प्रत्येक रंग एकटा पाहत नाहीत. ते त्याची तुलना शेजारच्या रंगाशी करतात आणि दोहोंतील भेद वाढवून दाखवितात. म्हणून लाल रंगाशेजारी हिरवट छटा भासते, निळ्याशेजारी नारिंगी आणि पिवळ्याशेजारी जांभळी. अशा जोड्यांतील रंगांना परस्परांचे पूरक रंग म्हणतात. शेव्रल यांनी १८३९ साली या नियमावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे अनेक चित्रकारांनी त्याचा अभ्यास करून आपली चित्रे अधिक तेजस्वी केली. कापडाला जुळणारा दोरा निवडताना तो त्या कापडावरच ठेवून पाहावा, याचे कारणही हेच.

आता पुन्हा त्या दोन चौकोनांकडे पाहा. सारे कारण समजले, तरी काळ्यावरचा चौकोन उजळच दिसतो ना? ज्ञानाने डोळ्यांचा हा भ्रम जात नाही. परंतु त्या भ्रमापायी कोणास दोष देणे मात्र टळते. म्हणून निवाडा करण्यापूर्वी भोवतालचा रंग झाकून पाहावा. त्याला कोरलेला एक पांढरा कागद पुरतो.