नांव झांकून घेतलेली परीक्षा

मद्याच्या चवीविषयीं एका निवृत्त संस्कृत शिक्षकानें लिहावें, हें पाहून कित्येक वाचकांच्या कपाळास आठी पडेल. त्यांनीं निश्चिंत असावें. औषधी द्राक्षासवाच्या दोन चमच्यांपलीकडे ह्या विषयाशीं माझ्या जिभेचा संबंध कधीं आला नाहीं, आणि आतां ह्या वयांत तो येण्याचा संभवही नाहीं. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा तर हेतु मुळींच नाहीं. परंतु द्राक्षांच्या मद्याची, म्हणजे ज्यास वाइन म्हणतात तिची, परीक्षा करण्याची जी विद्या पाश्चात्त्य देशांत वाढली आहे, तिच्या इतिहासांतील एक प्रसंग माझ्या वाचनांत आला. आणि आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसास त्यानें स्वस्थ बसूं दिलें नाहीं. तो प्रसंग, आणि त्याच्या निमित्तानें आठवलेली माझी स्वतःची एक चूक सांगावी, एवढ्यासाठींच हा लेख.

प्रथम ही परीक्षा कशी होते तें पाहूं. पांच-दहा रसिक मेजाभोंवतीं बसतात. मेजावर पांढरें वस्त्र, आणि प्रत्येकापुढें कांचेचे प्याले. प्याला दांडीस धरून किंचित् तिरपा करावयाचा आणि पांढऱ्या वस्त्रावर त्यांतील रंग न्याहाळावयाचा. तांबडी वाइन जुनी होत चालली म्हणजे तिच्या कडेस विटकरी छटा येते. पांढरी जुनी झाली म्हणजे सोनेरी दिसूं लागते. मग प्याला हलकेच फिरवून वास घ्यावयाचा. नंतर एक घोट तोंडांत घेऊन, थोडी हवा आंत ओढून, तो जिभेवर सर्वत्र खेळवावयाचा, आणि शेवटीं जवळच्या भांड्यांत थुंकून टाकावयाचा! दहा-वीस प्रकार एकामागून एक तपासावयाचे तर पिऊन भागत नाहीं. डोकें ठिकाणावर राहिलें पाहिजे. आंबटपणा, तुरटपणा, गोडी, घोट गेल्यावर मागें रेंगाळणारी चव, ह्यांचें टिपण करून गुण द्यावयाचे, आणि मग परस्परांशीं चर्चा करावयाची. एकास लिंबाच्या सालीचा वास येतो, दुसऱ्यास जुन्या लांकडाचा, तिसऱ्यास ओल्या मातीचा. ह्या बोलण्यांत कांहीं शिस्त यावी म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील विदुषी ॲन नोबल यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फळें, फुलें, मसाले, लांकूड अशा वर्गांचें एक सुगंधचक्रच तयार केलें. आपणांस ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. भरतमुनींनींही नाट्यशास्त्रांत रस म्हणजे काय हें समजावितांना, नाना व्यंजनांनीं संस्कारलेलें अन्न चाखणाऱ्या जाणत्या माणसाचाच दृष्टांत घेतला आहे.

आतां मूळ प्रसंगाकडे वळूं. ह्या क्षेत्रांत फ्रान्सचें स्थान निर्विवाद मानलें जाई. १८५५ सालीं पॅरिसच्या प्रदर्शनाच्या वेळीं बोर्दो प्रांतांतील तांबड्या मद्यांची प्रतवारी ठरविण्यांत आली. ती ठरविली दलालांनीं, आणि मुख्यतः बाजारांतील किंमत व लौकिक पाहून. त्या यादीचा दरारा एवढा कीं, मुतों-रोत्शिल्द नांवाच्या मळ्यास दुसऱ्या प्रतींतून पहिल्या प्रतींत चढण्यास १९७३ साल उजाडावें लागलें. लौकिकानें किंमत वाढावी आणि किंमतीनें लौकिक, असें हें चक्र एकशें अठरा वर्षें फिरत राहिलें.

स्टीव्हन स्परियर हे एक इंग्रज गृहस्थ पॅरिसमध्यें मद्याचें दुकान व मद्यपरीक्षेची शाळा चालवीत असत. १९७६ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या घोषणेस दोनशें वर्षें पूर्ण होत होतीं. त्या निमित्तानें, पॅट्रिशिया गॅलघर ह्या आपल्या अमेरिकन सहकारी बाईंच्या सूचनेवरून, त्यांनीं कॅलिफोर्नियांतील मद्यें पॅरिसच्या जाणकारांपुढें ठेवण्याचें ठरविलें. २४ मे १९७६ रोजीं इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेलांत नऊ फ्रेंच परीक्षक जमले. कोणी नामांकित मळ्याचा मालक, कोणी प्रसिद्ध भोजनगृहाचा चालक, कोणी मद्यविषयक मासिकाची संपादिका. सर्वच जन्म ह्या विद्येंत घालविलेले. स्परियर यांनीं त्यांस सांगितलें कीं, तुलनेसाठीं कांहीं उत्तम फ्रेंच मद्येंही मांडलीं आहेत, आणि कोणतें कोठलें हें झांकून ठेवलें आहे. सर्व वाइन निनांवी बाटल्यांत ओतलेली होती. प्रथम पांढऱ्या वाइनचे दहा प्रकार, नंतर तांबड्याचे दहा. प्रत्येक दहांत सहा कॅलिफोर्नियाचे व चार फ्रान्सचे. गुण वीसपैकीं.

निकालाविषयीं कोणास शंका नव्हती, म्हणून वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही फिरकले नाहींत. आले ते एकटे ‘टाइम’ साप्ताहिकाचे जॉर्ज टेबर. त्यांच्या हातीं मात्र क्रमाची यादी होती. त्यामुळें त्यांस एक चमत्कार पाहावयास मिळाला. कॅलिफोर्नियाची पांढरी वाइन चाखून एक परीक्षक समाधानानें म्हणाले कीं, आतां आपण फ्रान्सला परतलों. आणि बर्गंडीची नामवंत फ्रेंच वाइन हुंगून दुसऱ्यानें निर्वाळा दिला कीं, हिला वासच नाहीं, तेव्हां ही कॅलिफोर्नियाचीच असली पाहिजे.

गुणांची बेरीज झाली तेव्हां पांढऱ्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो माँटेलीना, १९७३ सालची. ती क्रोएशियांत जन्मलेल्या माइक गर्गिच यांच्या हातची होती. हा निकाल तांबड्या वाइनच्या आधींच वाचून दाखविण्यांत आला. आतां परीक्षक सावध झाले. पुन्हा असें होऊं द्यावयाचें नाहीं असें त्यांनीं मनाशीं ठरविलें असल्यास नवल नाहीं. तरीही तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाचीच स्टॅग्ज लीप, १९७३ सालची. तिचे कर्ते वॉरन विनियार्स्की हे एके काळीं शिकागो विद्यापीठांत शिकवीत असत, आणि त्यांच्या मळ्यांतील वेली त्या हंगामांत अवघ्या तीन वर्षांच्या होत्या. मुतों-रोत्शिल्द दुसरी आली. संपादिका ओदेत कान यांनीं आपली गुणपत्रिका परत मागितली. स्परियर यांनीं ती दिली नाहीं.

ह्या निकालावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, आणि ते सर्वच पोकळ नव्हते. परीक्षक नऊच, त्यांच्या गुणांत परस्परांत मोठी तफावत, आणि पहिल्या कांहीं क्रमांकांतील अंतर फार थोडें. दुसऱ्या दिवशीं पुन्हा परीक्षा घेतली असती तर क्रम बदललाही असता. आणखी एक आक्षेप असा कीं, फ्रेंच मद्य जुनें झाल्यावर खुलतें. कॅलिफोर्नियाचें तरुणपणीं चमकतें आणि मग मावळतें. ह्याची परीक्षा काळानेंच घेतली. बरोबर तीस वर्षांनीं, २४ मे २००६ रोजीं, त्याच सालच्या तांबड्या वाइन लंडनमध्यें व कॅलिफोर्नियाच्या नापा येथें पुन्हा चाखण्यांत आल्या. पहिल्या पांचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. आणि अग्रस्थान मिळालें तें १९७६ सालीं पांचव्या आलेल्या रिज माँटे बेलो हिला.

तथापि ह्यांत एका देशानें दुसऱ्यास हरविलें असें मानणें उथळपणाचें होईल. कॅलिफोर्नियांतील ह्या वेलींच्या जाती मूळच्या फ्रान्सच्याच. उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या किडीनें फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हां ती कीड सोसणाऱ्या अमेरिकन मुळांवर फ्रेंच वेलींचीं कलमें बांधूनच ते वांचले. म्हणजे एकीकडे शेंडा परका, दुसरीकडे मूळ परकें. अभिमान धरावयाचा तो कोणत्या टोकाचा?

नांवाचें हें ओझें किती खोलवर जातें, ह्याचें आणखी एक प्रत्यंतर २००१ सालीं प्रसिद्ध झालें. बोर्दो येथें मद्यविद्येच्या ५४ विद्यार्थ्यांपुढें एक पांढरी वाइन निर्गंध रंगानें तांबडी करून ठेवण्यांत आली. आणि त्यांनीं तिचें वर्णन तांबड्या वाइनला लागूं पडणाऱ्या शब्दांनीं केलें. मुलें लबाड नव्हतीं, अडाणीही नव्हतीं. डोळ्यांनीं जें सांगितलें तेंच नाकास जाणवलें.

आपल्या कालिदासास हें दुखणें ठाऊक होतें. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेंत, भासासारखे कीर्तिवंत कवि सोडून ह्या नव्या कवीचें नाटक कां, असा प्रश्न येतो, आणि उत्तराचें मर्म हेंच कीं जाणता स्वतः पारखून घेतो, इतर लोक दुसऱ्याच्या विश्वासावर चालतात. तें स्थळ मीं वर्षानुवर्षें वर्गांत शिकविलें. आणि तरीही पुढील गोष्ट माझ्याच हातून घडली.

नोकरीचीं पहिलीं वर्षें होतीं. वर्गांत साठ मुलें, त्यांचीं अक्षरें मला अजून ओळखूं येत नव्हतीं. सहामाही परीक्षेच्या निबंधांत एका विद्वान् घराण्यांतील मुलास मीं वीसपैकीं सतरा गुण दिले, आणि एका आचाऱ्याच्या मुलास नऊ. सतरा गुणांचा निबंध मीं वर्गांत मोठ्या कौतुकानें वाचून दाखवूं लागलों. दोन परिच्छेद झाले असतील नसतील, तोंच तो विद्वानांचा मुलगा उभा राहिला आणि शांतपणें म्हणाला, “गुरुजी, हा निबंध माझा नव्हे.” पुरवण्या दोऱ्यानें बांधतांना दोघांचीं मुखपृष्ठें बदललीं होतीं. निबंध आचाऱ्याच्या मुलाचा होता.

त्या क्षणीं माझ्याही मनांत आलें कीं गुणपत्रिका परत घ्यावी! अखेर मीं गुण तसेच ठेवले, नांवें तेवढीं बदललीं. वर्गास न्याय झाल्यासारखें वाटलें. मला मात्र एक शंका चिकटली, ती आजतागायत गेली नाहीं. तो निबंध खरोखर सतराचा होता, कीं वरचें नांव सतराचें होतें? मुखपृष्ठ बरोबर असतें तर त्याच निबंधास मीं किती गुण दिले असते? आणि दुसऱ्याचे नऊ तरी त्याच्या लेखनाचे होते काय? ह्याचें उत्तर मजपाशीं नाहीं. तेव्हांपासून उत्तरपत्रिकेचें पहिलें पान दुमडून मगच लेखणी हातीं घ्यावयाची, हा नियम मीं शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. नियमानें मन शुद्ध होत नाहीं. पण त्याच्या हातून होणारा अन्याय थोडा कमी होतो.

वाचकांनीं मद्याच्या वाटेस न जातां हा प्रयोग घरीं अवश्य करून पाहावा. आंब्याच्या दिवसांत चार ठिकाणचे हापूस, पायरी, केशर आणून घरांतील वडील वहिनींकडून स्वयंपाकघरांतच चिरवून घ्यावे, फोडींच्या बशांस केवळ अंक द्यावे, आणि सर्वांनीं एकमेकांशीं न बोलतां आपापले गुण लिहावे. चर्चा नंतर. आमच्या घरीं गेल्या वैशाखांत हें केलें, तेव्हां रत्नागिरीवांचून दुसऱ्या आंब्यास हात न लावणाऱ्या आमच्या थोरल्या बंधूंनीं सर्वांत अधिक गुण दिले ते वलसाडकडच्या आंब्यास. त्यांनीं आपला कागद परत मागितला. वहिनींनीं तो दिला नाहीं.