अपत्यप्राप्तीस विलंब : वैद्यकीय सल्ला केव्हा घ्यावा?

विवाहानंतर अपत्य न झाल्यास दोष बहुधा स्त्रीच्या माथी मारला जातो. वस्तुतः सुमारे निम्म्या जोडप्यांत कारण अंशतः वा पूर्णतः पुरुषात आढळते; म्हणून तपासणी उभयतांनी करवून घ्यावी. वीर्यतपासणी सोपी असल्याने ती आरंभीच करावी.

संततिनियमनाचे साधन न वापरता नियमित शरीरसंबंध असूनही १२ महिन्यांत गर्भधारणा न झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. स्त्रीचे वय ३५ वर्षांहून अधिक असल्यास ६ महिन्यांपलीकडे वाट पाहू नये. पाळी अनियमित वा बंद असल्यास, स्त्रीस पूर्वी क्षयरोग झाला असल्यास अथवा गालगुंडात पुरुषाच्या वृषणांना सूज आली असल्यास मुळीच थांबू नये.

क्षयरोगाने गर्भनलिका बंद होऊ शकतात. वयाबरोबर स्त्रीबीजेही घटतात. यास्तव नवस-अंगाऱ्यांत वर्षे न दवडता प्रथम जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.