बबल सीपॅप

बबल सीपॅप हे अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसांत सतत हलका दाब राखणारे उपकरण आहे. श्वास बाळानेच घ्यायचा असतो. तो सोडताना वायुकोश मिटू नयेत, एवढेच काम उपकरण करते.

वायुकोश मिटतात ते सर्फॅक्टंटच्या अभावी. हा स्निग्ध पदार्थ त्यांच्या आतल्या ओलाव्याचा पृष्ठताण कमी करतो. पोटातल्या बाळात तो पुरेसा तयार व्हायला चौतीस-पस्तीस आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेले बाळ कण्हते, नाकपुड्या फुलवते, श्वासागणिक त्याच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते. या आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या कमतरतेत आहे, हे एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये दाखवले. सतत दाबाचा उपचार सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला.

उपकरणाची रचना थक्क व्हावे इतकी साधी आहे. हवा आणि ऑक्सिजन यांचे उबदार, दमट मिश्रण एका नळीतून नाकातल्या छोट्या प्राँगपर्यंत येते. दुसऱ्या नळीचे टोक पाण्याच्या बाटलीत बुडवलेले असते. ते पाच सेंटिमीटर बुडाले, तर दाबही पाण्याच्या पाच सेंटिमीटरइतका राहतो. बुडबुडे थांबले की कुठेतरी गळती आहे: प्राँग निसटली आहे किंवा बाळाचे तोंड उघडे आहे. प्राँग नाकाच्या पडद्याला टेकली, तर तिथे जखम होते. म्हणून मध्ये थोडी फट ठेवायची, पोटात साठणारी हवा नळीने काढायची, बाटलीतले पाणी ठरलेल्या खुणेवर आहे का ते पाहायचे. ही सगळी कामे सिस्टरांची. सीपॅपचे यश बाटलीपेक्षा त्यांच्या नजरेवर अधिक अवलंबून असते, आणि एका सिस्टरकडे फार बाळे सोपवणे म्हणजे उपकरण असून नसल्यासारखे करणे.

दाब पुरला नाही, तर जनावरांच्या फुप्फुसांपासून बनवलेले सर्फॅक्टंट श्वासनलिकेत सोडतात. जपानच्या फुजिवारांनी १९८० मध्ये ते बाळांना देऊन दाखवले. आता सीपॅप न काढता बारीक नळीने ते देण्याची पद्धत रूढ होत आहे.

मात्र उपचार जन्माआधीच सुरू होऊ शकतो. आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हाउवी यांनी १९७२ मध्ये दाखवले. नागपूर आणि बेळगाव या केंद्रांचाही समावेश असलेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या चाचणीत मात्र एकूण नवजात मृत्यू वाढलेले दिसले. पुढे पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने आठवडे नक्की करून, जागतिक आरोग्य संघटनेने पुन्हा चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले: डेक्सामेथासोन मिळालेल्या गटात नवजात मृत्यू १९.६ टक्के, न मिळालेल्या गटात २३.५ टक्के. औषध तेच, नेमके आठवडे आणि जन्मानंतरची काळजी यांनी एवढा फरक पडला.

मावळातल्या शिरगावसारख्या गावाच्या दृष्टीने हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झालेली असेल, तर अवेळी कळा सुरू होताच निर्णय लगेच घेता येतो. सरकारी सूचनांनुसार उपकेंद्रातली परिचारिकाही (एएनएम) सहा मिलिग्रॅम डेक्सामेथासोनचा पहिला डोस देऊन आईला पुढे पाठवू शकते; बारा-बारा तासांनी असे चार डोस. तळेगाव दाभाडे जवळ आहे, पिंपरीही फार लांब नाही. तरी प्रसूती झाल्यावर बाळ १०८ च्या रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईलाच वेळेत हलवणे कितीतरी सुरक्षित, कारण प्रवासात बाळ गार पडते आणि दाबही सुटतो.

ऑक्सिजन जादा झाला, तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात व दृष्टी जाऊ शकते. म्हणून सीपॅपवरच्या बाळाच्या रक्तातले ऑक्सिजनचे प्रमाण ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतात. अशा बाळाचे डोळे साधारण महिन्याच्या आत तपासावे लागतात, फारच लहान असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. तोवर ते घरी गेलेले असले, तरी ही तपासणी चुकवता येत नाही.