हिमोग्लोबिनचा रेणुभार : आकडे वेगळे का येतात?

हिमोग्लोबिनचा रेणुभार किती, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर शिक्षकापुढे अडचण उभी राहते. नव्या पुस्तकात ६४,५०० हा आकडा असतो, जुन्या पुस्तकात ६७,००० किंवा ६८,०००, आणि प्रयोगशाळेतील जेलवर पट्टी दिसते ती १६,००० च्या आसपास. जुना आकडा थोडा चुकलेला आहे हे खरे. परंतु ६४,५०० आणि १६,००० हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणत्या पद्धतीने नेमके काय मोजले गेले, हे पाहिल्यावरच त्यांचा अर्थ लागतो.

सर्वांत जुना मार्ग रासायनिक पृथक्करणाचा. १०० ग्रॅम कोरड्या हिमोग्लोबिनमध्ये लोह सुमारे ०.३३५ ग्रॅम असते. लोहाचा अणुभार ५५.८५. एका रेणूत लोहाचा निदान एक अणू असलाच पाहिजे, म्हणून रेणुभार किमान ५५.८५ × १०० ÷ ०.३३५, म्हणजे सुमारे १६,७०० येतो. हा किमान रेणुभार होय. रेणूत लोहाचे दोन, तीन की चार अणू आहेत हे या गणिताला सांगता येत नाही.

ते ठरविण्यासाठी द्रावणातील रेणूंची संख्या मोजणे आवश्यक होते. साखर किंवा युरिया यांच्यासाठी गोठणबिंदूतील घट पुरते. प्रथिनांच्या बाबतीत मात्र ती पद्धत निरुपयोगी ठरते. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम हिमोग्लोबिन विरघळविले तर गोठणबिंदू अवघा ०.०००३ अंश सेल्सिअसने उतरतो. द्रावणात क्षाराचा अंश राहिला तरी त्याचा परिणाम याहून मोठा असतो. त्याच द्रावणाचा परासरण दाब मात्र २५ अंशांवर पाण्याच्या सुमारे ३९ मिलिमीटर उंचीच्या स्तंभाइतका भरतो. तो डोळ्यांनी दिसतो, पट्टीने मोजता येतो. शिवाय अर्धपार्य पटलातून क्षार दोन्ही बाजूंना ये-जा करीत असल्याने त्यांचा अडथळा बराच कमी होतो. केंब्रिज येथे गिल्बर्ट अडेर यांनी १९२५ मध्ये याच पद्धतीने सुमारे ६७,००० हा आकडा काढला. म्हणजे रेणूत लोहाचे अणू चार.

त्याच सुमारास स्वीडनमधील उप्साला येथे थिओडोर स्वेडबर्ग यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज हे अतिवेगी यंत्र सिद्ध केले. द्रावण प्रचंड वेगाने फिरविले की जड रेणू बाहेरच्या टोकाकडे सरकतात, तर विसरणामुळे ते परत पसरू पाहतात. दोहोंचा समतोल साधला की द्रावणात जी सांद्रतेची चढण तयार होते, तिच्यावरून रेणुभार निघतो. रेणू गोल आहे की लांबट, हे गृहीत धरावे लागत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. १९२६ मध्ये प्रसिद्ध झालेला हिमोग्लोबिनचा आकडा अडेर यांच्या आकड्याशी जुळला. प्रथिने म्हणजे लहानमोठ्या कणांची सरमिसळ, असा समज तेव्हा प्रचलित होता. येथे मात्र सर्व रेणू एकाच भाराचे निघाले. आकड्यापेक्षा या निष्कर्षाचे महत्त्व अधिक मानावे लागेल.

महाविद्यालयात आज प्रत्यक्ष करता येण्याजोगी पद्धत म्हणजे जेल विद्युत्संचारण. सोडियम डोडेसिल सल्फेट हे अपमार्जक दर ग्रॅम प्रथिनामागे सुमारे १.४ ग्रॅम चिकटते, प्रथिनाची घडी उलगडते आणि त्याचा मूळचा विद्युत्प्रभार झाकून टाकते. मग लहान साखळी जेलमधून पुढे धावते, मोठी मागे राहते. पण याच अपमार्जकामुळे हिमोग्लोबिनच्या चार साखळ्या सुट्या होतात, म्हणून १६,००० जवळ पट्टी दिसते. जेलवरचा आकडा साखळीचा असतो, अखंड रेणूचा नव्हे.

आणि तोही तुलनेने काढलेला. ज्ञात प्रथिनांच्या रेणुभाराचा लॉगॅरिथम आणि त्यांनी कापलेले सापेक्ष अंतर यांचा आलेख काढून त्यावरून अज्ञात प्रथिनाचा भार वाचला जातो. पाच-दहा टक्क्यांचा फरक यात नेहमीचाच. कर्करोगाच्या संशोधनात प्रसिद्ध असलेल्या पी-५३ या प्रथिनाचे नावच जेलवरील ५३,००० या आकड्यावरून पडले. पुढे अमिनो आम्लांचा क्रम कळला तेव्हा खरा भार सुमारे ४३,७०० निघाला. प्रोलीनने समृद्ध असलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळते. नाव मात्र तेच राहिले.

प्रथिनाचे थेट वजन करणे जमले ते मास स्पेक्ट्रोमीटरमुळे. एवढा मोठा रेणू न मोडता वायुरूप आयन कसा करावा, ही खरी अडचण होती. ती सोडविल्याबद्दल जॉन फेन आणि कोइची तनाका यांना २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा अर्धा भाग मिळाला. फेन यांच्या विद्युत्फवारा पद्धतीत एकाच प्रथिनावर वेगवेगळ्या संख्येने प्रोटॉन बसतात आणि शिखरांची रांग मिळते. घोड्याच्या मायोग्लोबिनची लगतची दोन शिखरे १०६०.४५ आणि ९९८.१३ येथे येतात. लहान आकड्यातून प्रोटॉनचा १.००८ वजा करून दोन शिखरांमधील अंतराने, म्हणजे ६२.३२ ने, भागले की १६ येतात. हा मोठ्या शिखराचा प्रभार. मग १६ × (१०६०.४५ − १.००८) म्हणजे १६,९५१ डाल्टन. वर्गात फळ्यावर करून दाखविण्याजोगे हे गणित आहे.

या अचूकतेचा उपयोग कोठे होतो, याचे उदाहरण दूरचे नाही. विदर्भ, नंदुरबार आणि सातपुड्याच्या परिसरात आढळणाऱ्या सिकलसेल आजारात बीटा साखळीतील एका ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन येते. साखळीचा भार १५,८६७ वरून १५,८३७ होतो, म्हणजे फरक फक्त ३० डाल्टनचा. वरील जेलवर हा फरक दिसणे शक्य नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवर तो स्वच्छ दिसतो. रुग्णालयात नेहमी वापरले जाणारे विद्युत्संचारण हा बदल ओळखते खरे, परंतु ते भारावरून नव्हे, तर बदललेल्या विद्युत्प्रभारावरून. आणि म्हणून तेथे सोडियम डोडेसिल सल्फेट घालून चालत नाही. प्रात्यक्षिकाच्या वहीत या दोन्ही प्रयोगांना एकच नाव दिलेले आढळते, तेथे हा भेद आवर्जून लिहून घ्यावा.