आधी आत कोणाला सोडायचे?

आमच्या तालुक्याच्या गावी, मी शाळेत असताना, बसस्थानकामागे एका डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेर दोन लाकडी बाकडी, आत जायच्या दाराला हिरवा पडदा आणि पडद्यापाशी कंपाउंडरकाका. सकाळी चाळीस-पन्नास माणसे जमत. काका वहीत नावे लिहून नंबर देत. मात्र नंबर मोडण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवला होता.

लावणीच्या दिवसांत एकदा माझी आत्या तिथे जाऊन बसली. काय होतंय असे विचारल्यावर म्हणाली, "पित्त झालंय. मळमळतंय. घाई काही नाही." काकांनी तिच्याकडे पाहिले, दारापर्यंत पोचलेल्या माणसाला थांबवले आणि तिला आत पाठवले. तो हृदयविकाराचा झटका होता. जीपने तिला जिल्ह्याच्या गावी नेले. त्यानंतर ती अठरा वर्षे जगली. काकांना कसे कळले, असे माझ्या वडिलांनी पुढे विचारले तेव्हा ते म्हणाले, "लावणी सोडून ही बाई एकटी दवाखान्यात आली. पित्तासाठी ती आली असती का?"

हेच काका सभापतींच्या घरचे कोणी आले की त्यांनाही पडद्याआड सोडत, आणि कातकरी वाडीवरची माणसे दुपारपर्यंत बाकड्याच्या टोकाला बसून असत. हेही मी पाहिले आहे.

आज काकांचे हे काम यंत्राकडे सोपवायची तयारी जगभर चालू आहे. फोनवर लक्षणे टाइप करायची, कृत्रिम बुद्धिमत्तेने ती वाचायची आणि सांगायचे: घरीच विश्रांती घ्या, दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, किंवा ताबडतोब रुग्णालय गाठा. मी वैद्यक शिकलेलो नाही. पण आत्याची हकिगत मनात असल्याने गेली काही वर्षे या विषयावर मिळेल ते वाचत आणि टिपणे काढत आलो. त्या टिपणांवरून हा लेख.

निवडणे

या कामाला वैद्यकात 'ट्रायाज' म्हणतात. मूळ फ्रेंच क्रियापदाचा अर्थ निवडणे. लोकर किंवा कॉफीच्या बिया प्रतीनुसार वेगळ्या करणे, म्हणजे आपल्याकडे सुपात तांदूळ घेऊन बसलेली बाई करते तेच. वैद्यकात ही कल्पना रुजवण्याचे श्रेय नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक डॉमिनिक-जाँ लारे यांना दिले जाते. जखमींवर उपचार करताना हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची, हा त्यांचा दंडक. सेनापतीची खरचटलेली दंडाची जखम नंतर, शिपायाचा तुटलेला पाय आधी. निवडीच्या मुळाशी असा न्यायाचा विचार पहिल्यापासून आहे.

युद्धभूमीवर जखम दिसते. प्राथमिक आरोग्यसेवेत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात किंवा आरोग्य केंद्रात, बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. शंभरातले नव्वदहून अधिक लोक साध्या तक्रारी घेऊन येतात आणि त्यांच्यातच एखादा गंभीर रुग्ण तसाच शांत बसलेला असतो. त्याच्यापाशी असतात ते फक्त शब्द.

लीड्समधला संगणक

यंत्राने ही निवड करावी हा विचार नवा नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे एफ. टी. डी डोम्बाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोटात अचानक उठणाऱ्या दुखण्याचे निदान करणारी संगणकप्रणाली तयार केली आणि १९७२ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये तिचे निष्कर्ष छापले. पद्धत समजायला सोपी आहे. आधीच्या शेकडो रुग्णांच्या नोंदींवरून काढायचे की अपेंडिक्सच्या रुग्णांपैकी किती जणांचे दुखणे उजवीकडे सरकते, पित्ताशयाच्या रुग्णांपैकी किती जणांचे. नवा रुग्ण आला की त्याची उत्तरे घ्यायची आणि एकेका उत्तरासरशी प्रत्येक आजाराची शक्यता वाढवत किंवा घटवत जायचे. संभाव्यतेचा हा नियम अठराव्या शतकातील थॉमस बेझ यांच्या नावाने ओळखला जातो. ३०४ रुग्णांमध्ये संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आले. सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरांचे ७९.६ टक्के.

मला या प्रयोगाचा पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रयोग चालू असेपर्यंत तिथल्या डॉक्टरांचे स्वतःचे निदानही सुधारत गेले आणि प्रयोग थांबल्यावर पुन्हा घसरले. कारण संगणकाला माहिती पुरवण्यासाठी त्यांना ठरावीक प्रश्न, ठरावीक क्रमाने, प्रत्येक रुग्णाला विचारावे लागत होते. यंत्र चालू होते तोवर माणसे नीट विचारत होती.

चूक कोणत्या बाजूला करायची?

यंत्र 'नव्वद टक्के अचूक' आहे असे जाहिरातीत वाचले की आपले समाधान होते. थोडे गणित करून पाहू. समजा, एक हजार माणसांनी लक्षणे कळवली आणि त्यांपैकी दहा जण खरोखर गंभीर आहेत. यंत्र दोन्ही बाजूंनी नव्वद टक्के अचूक धरू. दहापैकी नऊ गंभीर रुग्ण ते ओळखेल आणि एकाला घरी पाठवेल. उरलेल्या ९९० जणांपैकी ९९ जणांना ते विनाकारण 'ताबडतोब रुग्णालयात जा' म्हणेल. म्हणजे धावत आलेल्या १०८ जणांपैकी खरे गंभीर नऊच, बारात एक.

तो सुटलेला दहावा माणूस पकडायचा असेल तर यंत्राला अधिक भित्रे करावे लागते. मग ९९ च्या जागी दोनशे किंवा तीनशे लोक विनाकारण धावतील. शहरात याचा अर्थ अपघात विभागातली गर्दी. दुर्गम वाडीवर याचा अर्थ बुडालेली मजुरी, उसनवारी करून ठरवलेली जीप, आणि दोनदा असे झाले की तिसऱ्या वेळी यंत्राचे न ऐकणे. यंत्राने किती भित्रे असावे याचे उत्तर गणितात नाही. ते माणसे ठरवतात, आणि बहुतेकदा ती माणसे वाडीवरची नसतात.

ज्ञान आणि संभाषण

२०१५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्येच लक्षणे तपासून सल्ला देणाऱ्या २३ संगणकीय साधनांची पाहणी प्रसिद्ध झाली. किती तातडीने उपचार घ्यावेत याचा सल्ला सरासरी ५७ टक्के वेळाच योग्य होता. तातडीच्या आजारांत हे प्रमाण ८० टक्के होते. पण घरीच बऱ्या होणाऱ्या तक्रारींत अवघे ३३ टक्के. साधने भित्र्या बाजूला झुकलेली होती.

तीन वर्षांनी लंडनमध्ये 'बॅबिलॉन' या कंपनीने जाहीर केले, की तिच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने फॅमिली डॉक्टरांच्या परीक्षेतील नमुन्याच्या प्रश्नांत ८१ टक्के गुण मिळवले. डॉक्टरांसाठी त्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याच्या गुणमर्यादेची सरासरी ७२ टक्के होती. त्याच वर्षी 'लॅन्सेट'मधील टिपणात संशोधकांनी या दाव्याला पुरेसा आधार नाही असे दाखवून दिले. पुढे एका ब्रिटिश डॉक्टराने या कंपनीच्या साधनावर एक साधी चाचणी केली. एकोणसाठ वर्षांची, धूम्रपान करणारी व्यक्ती, छातीत अचानक कळ. पुरुष असल्याचे सांगितले तर साधन हृदयविकाराची शक्यता दाखवी. स्त्री असल्याचे सांगितले तर घबराटीचा झटका किंवा नैराश्य. २०२१ मध्ये चार अब्ज डॉलरहून अधिक मूल्य लावून अमेरिकी शेअर बाजारात उतरलेली ही कंपनी २०२३ मध्ये कोसळली. ते वाचताना मला बाकड्यावरची आत्या आठवली. 'पित्त झालंय' म्हणणाऱ्या बाईचे पुढे काय होते, हा प्रश्न लंडनमध्येही सुटलेला नव्हता.

आताची भाषा जाणणारी प्रारूपे या जुन्या साधनांपेक्षा फार पुढे गेली आहेत हे मान्य करावे लागते. म्हणूनच ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये मांडलेला प्रयोग मुळातून समजून घेण्याजोगा आहे. डॉक्टरांनी आजारपणाचे दहा प्रसंग लिहिले. ते थेट प्रारूपांना वाचायला दिले तेव्हा त्यांनी संबंधित आजार सुमारे ९५ टक्के वेळा ओळखला. पुढे काय करावे हे मात्र ५६ टक्केच वेळा बरोबर सांगितले. मग १,२९८ सामान्य माणसांना तेच प्रसंग दिले आणि त्यांतल्या काहींना प्रारूपाशी बोलून निर्णय घ्यायला सांगितले. आता संबंधित आजार ओळखण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. प्रारूपाची मदत न घेता, एरवी करतात तसे स्वतः शोधून ठरवणाऱ्यांपेक्षा ही माणसे सरस ठरली नाहीत.

ज्ञान तेच, प्रसंग तेच. मध्ये संभाषण आले आणि सारे निसटले. माणसे अर्धीच लक्षणे सांगत होती, कारण कोणते लक्षण महत्त्वाचे हे त्यांना ठाऊक नव्हते. यंत्र मिळाले त्यावर उत्तर देत होते. उत्तरात चार शक्यता आल्या तर त्यांतली कोणती धरायची हे पुन्हा माणसालाच कळत नव्हते.

मराठीत हे आणखी अवघड होते. आपल्याकडे छातीत कळ येते, जळजळते, भरून येते, धडधडते आणि कोंडल्यासारखेही होते. जीव घाबरा होतो, अंगात कसकस असते, पोटात गोळा उठतो, घेरी येते. यांतला प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवतो, आणि 'पित्त' हा शब्द तर ढेकरेपासून हृदयापर्यंत कशालाही पुरतो. अनुभवी डॉक्टर 'पित्त' ऐकून थांबत नाही. 'घाम आला होता का? हातात, जबड्यात कळ गेली का? चालताना वाढतं का?' असे विचारत जातो. यंत्राचीही परीक्षा घ्यायची तर त्याने काय उत्तर दिले यापेक्षा त्याने उलट काय विचारले, हे पाहायला हवे.

बाकड्याचे टोक

यंत्राच्या बाजूने नेहमी सांगितले जाते, की ते सभापतींच्या घरचे कोण हे ओळखत नाही. हे खरे. पण २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या एका गणिती प्रणालीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोणाला जादा देखभालीची गरज आहे हे ती ठरवी. तिला वंश सांगितलेलाच नव्हता. मात्र 'गरज' मोजण्यासाठी तिने 'उपचारांवर झालेला खर्च' हे माप धरले होते. ज्यांना आधीपासून उपचार कमी मिळत आले, त्यांच्यावर खर्चही कमी झालेला. त्यामुळे तितक्याच आजारी कृष्णवर्णीय रुग्णांना ही प्रणाली निरोगी समजत होती. हा दोष काढल्यास जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल असे संशोधकांनी दाखवले.

कातकरी वाडीवरचा माणूस दुपारपर्यंत बसून कंटाळून निघून गेला, तर वहीत त्याच्या आजाराची नोंद होत नाही. उद्या त्या वह्यांवरून शिकलेले यंत्र म्हणेल की वाडीवर आजार कमी आहेत. तरीही एक फरक आहे. काकांचा पक्षपात कोणी मोजला नाही. या प्रणालीचा मोजता आला आणि म्हणून दुरुस्तीचा मार्गही दिसला. त्यासाठी यंत्राचा हिशेब बाहेरच्यांना तपासू दिला पाहिजे.

लाल मणी

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील आरोग्यसेवक आणि सुईणी यांच्याकडून लहान मुलांतील न्यूमोनिया ओळखून त्यावर उपचार करवले. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. न्यूमोनियाची खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, वर्षाच्या आतल्याला ५० किंवा अधिक. पण ज्या सुईणीला दहा-बाराच्या पुढे मोजता येत नाही, तिने काय करायचे? तिच्यासाठी मण्यांची रांग आणि एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ असे साधन तयार झाले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला तर न्यूमोनिया.

हीसुद्धा निवड करणारी गणिती प्रणालीच. फक्त ती बाळाजवळ बसलेल्या, त्या घराला ओळखणाऱ्या बाईच्या हातात होती, आणि मणी का सरकला हे ती आईला सांगू शकत होती.

अलीकडे नैरोबीत याच वळणाचा एक प्रयोग झाला. 'पेंडा हेल्थ' या संस्थेच्या १५ दवाखान्यांत 'ओपनएआय' या कंपनीच्या सहकार्याने ३९,८४९ भेटींचा अभ्यास करण्यात आला. इथे यंत्र रुग्णाशी बोलत नव्हते. तपासणारी व्यक्ती नोंद करत असताना ते मागून पाही आणि हिरवा, पिवळा किंवा लाल इशारा देई, निर्णय तपासणाऱ्याचाच. निदानातील चुका १६ टक्क्यांनी आणि उपचारांतील १३ टक्क्यांनी कमी झाल्या. यंत्र बनवणारी कंपनीच अभ्यासात सहभागी होती, आणि रुग्णांना बरे वाटण्यात संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठाम फरक दिसला नाही, हे दोन्ही लक्षात ठेवावे. तरी लीड्समध्ये दिसले तेच इथे दिसते. माणसाला अधिक नीट विचारायला आणि पाहायला लावते तेव्हा यंत्र उपयोगी पडते.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या 'ई-संजीवनी' या दूरस्थ वैद्यकीय सेवेला कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या निर्णयसाहाय्याची जोड मिळाली आहे. डॉक्टरांची वानवा असलेल्या देशात हे थांबणार नाही, थांबवूही नये. रात्री दोन वाजता, जवळ कोणी नसताना, फोनवरचा बरा सल्लाही मोठा आधार असतो. पण असे साधन गावच्या आरोग्य केंद्रात येईल तेव्हा काही प्रश्न आपणच विचारायला हवेत. याने मराठीतली, वऱ्हाडीतली, गोंडीतली दुखणी ऐकली आहेत का? ते किती भित्रे ठेवले आहे आणि ते कोणी ठरवले? ते चुकले तर दाद कोणाकडे मागायची? आणि त्याच्याशी बोलणार कोण: एकटी आजारी बाई, की तिच्याशेजारी बसलेली आशाताई?

माझ्या आत्याने फोनवर काय टाइप केले असते याचा मी अनेकदा विचार करतो. तिने 'पित्त' इतकेच लिहिले असते. लावणी सोडून आले आहे, हे काही ती लिहिणार नव्हती.