आकस्मिक बहिरेपण आणि छेदाचा घोळ

७२ तासांच्या आत ऐकू येणे ३० डेसिबल किंवा त्याहून अधिक घटले, की त्याला आकस्मिक बहिरेपण म्हणतात. बहुधा ते एकाच कानाला येते. कारण क्वचितच सापडते. विषाणूंवर संशय आहे. म्हणून २०२० साली कोविड पसरल्यावर प्रश्न आला : हे रुग्ण वाढले का? काही रुग्णालयांना वाढ दिसली, काहींना नाही.

येथे छेद तपासावा. समजा, पूर्वी कानाच्या १००० रुग्णांत असे ५ होते. टाळेबंदीत २००च आले, त्यांत ४. प्रमाण चौपट, रुग्ण मात्र कमीच! (शेकडेवारी शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.) छेदात परिसराची लोकसंख्या हवी. तरीही भीतीने घरी राहिलेले निसटतातच. स्टेरॉइडचा लाभ होण्याची शक्यता पहिल्या दोन आठवड्यांत अधिक. ‘मळ साचला असेल’ म्हणत तेच दिवस जातात.