पेन्सिलीनं आखलेला रकाना

सकाळी 6.10
सिस्टर पोळ्या लाटतायत. दोन डबे मुलांचे, एक नवऱ्याचा, एक स्वतःचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात त्या परिचारिका आहेत. नेमणूक कंत्राटी, ऑर्डर अकरा महिन्यांची. ती संपली की खंड, मग नवी ऑर्डर. हातात वीस हजारांच्या आसपास पडतात. आज पथक तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाणार आहे. नाशिक जिल्ह्यातला हा कांद्याचा पट्टा. इथल्या बायका महिन्यातल्या या एका दिवसाचा खाडा आधीच धरून चालतात.

सकाळी 7.20
औषध भांडार. मागणीपत्रावर सही झाली की पट्ट्या बाहेर येतात. फ्लुओक्सेटिन 20, एस्सिटालोप्रॅम 10, सरट्रालिन 50, अमिट्रिप्टिलिन 25. सिस्टर बोटानं मोजतात, मुदतीची तारीख वाचतात, दहा-दहा पट्ट्यांना रबर लावून पत्र्याच्या पेटीत रचतात. मिर्टाझापिन विचारतात. शिल्लक नाही. बुप्रोपिऑन इथं येतच नाही. ज्यांना लागेल त्यांनी बाहेरून घ्यायची.

सकाळी 8.05
जीप निघते. पेटी सिस्टरांच्या पायाशी. मांडीवर वही, मागच्या महिन्यात न आलेल्यांची नावं.

न येण्याची कारणं पुष्कळ असतात. कांद्याची लागण, लग्न, सासूचं आजारपण. एक कारण मात्र कुणी आपण होऊन सांगत नाही. या गोळ्यांतल्या बहुतेक मेंदूत सेरोटोनिन वाढवतात. त्यानं रडू थांबतं, झोप लागते, जीव द्यायचे विचार मागे हटतात. तेच सेरोटोनिन कामेच्छेच्या वाटेतही येतं. इच्छा मंदावते. ओलावा कमी होतो. स्पर्श बोथट होतो. सुखाचा शेवट लांबतो, कधी येतच नाही. बरेचदा हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच सुरू होतं, म्हणजे मन उभारी धरायच्याही आधी.

"आणि मग बाई गोळी सोडते," सिस्टर सांगतात. "आम्हाला वाटतं, गावाला गेली असेल."

सकाळी 9.10
खोली क्रमांक सात. एक टेबल, तीन खुर्च्या, वजनकाटा, बीपीचं मशीन. दाराला कडी नाही. सिस्टर पिशवीतून जुनी चादर काढतात, खिडकीच्या गजापासून कपाटाच्या खिळ्यापर्यंत दोरी बांधतात आणि चादर टाकतात. आडोसा तयार. चादर घरची, दोरीही घरची. डॉक्टर शेजारच्या खोलीत बसतात.

मी कोण, कशाला आले, हे सिस्टर प्रत्येक बाईला आधी सांगतात. जी हो म्हणते तिच्याच वेळी मी आत थांबते. ओळख पटेल असं काही इथं लिहिलेलं नाही.

सकाळी 9.40
रांग बाकड्यावरून व्हरांड्यात गेली. वजन, बीपी, मग नऊ प्रश्नांचा छापील कागद. कशात रस वाटतो का, उदास वाटतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःला दोष देणं, लक्ष लागणं, हालचाल मंदावणं, मरणाचे विचार. जगभर हाच कागद चालतो. त्यात शरीरसुखाचा प्रश्न नाही.

सिस्टर कागद संपवतात, पेन खाली ठेवतात आणि दहावा प्रश्न तोंडी विचारतात. त्याला आधार आहे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या पाच प्रश्नांच्या मोजपट्टीचा. इच्छा किती होते, शरीर किती लवकर जागं होतं, ओलावा येतो का, शेवटपर्यंत पोचता येतं का, पोचल्यावर समाधान होतं का. डॉक्टरांनी ती दिली. बोलीत सिस्टरांनी आणली.

सकाळी 10.30
चाळिशीच्या आतली बाई. कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. रोज साडेतीनशे. आजचा बुडाला. एसटीला अर्धं तिकीट, 17 मार्च 2023 पासून बायकांना तेवढंच पडतं. केसपेपर फुकट, 15 ऑगस्ट 2023 पासून. चहा आणि वडापाव धरून आजचा दिवस तिला चारशेच्या पुढं जाणार.

"गोळ्या संपल्या?"

"नाही. आहेत घरी."

"मग?"

"घेत नाही. बारा दिवस झाले."

सिस्टर रागावत नाहीत. "काय होतंय मग?"

"चक्कर येते. डोक्यात करंट बसल्यावानी होतं."

"ते एकदम सोडल्यामुळं. कशामुळं सोडल्या?"

बाई पदराच्या टोकाला गाठ मारते, सोडते.

"बऱ्याच बायकांना या गोळ्यांनी नवऱ्याजवळ जावंसं वाटत नाही," सिस्टर नेहमीच्या आवाजात सांगतात. "अंग कोरडं पडतं. काही वाटेनासं होतं. तुमचं तसं काही?"

बाई पहिल्यांदाच मान वर करते. "तसंच झालंय. मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. ते म्हणतात, तुझं ध्यान दुसरीकडं आहे."

"त्यांचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"मलाबी आवडायचं की, सिस्टर."

सिस्टर वही उलटतात. मागच्या पानावर पेन्सिलीनं आखलेला एक रकाना आहे. सरकारी नमुन्यात तो नाही. त्यात आधी नोंदणी क्रमांक येतो. पुढं गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, त्रास कधीपासून.

सकाळी 10.55
आता डॉक्टरांच्या खोलीत. बाई सरांसमोर गप्प होते. तिच्या परवानगीनं सिस्टर सांगतात. सर आधी मरणाच्या विचारांचं पुन्हा विचारतात, कारण गेल्या वर्षी ही बाई विहिरीच्या काठाशी जाऊन आलेली आहे. गोळी सोडून बारा दिवस झालेत. झोप पुन्हा पातळ झालीय.

मग एकेक वाट मोजली जाते. मिर्टाझापिननं हा त्रास कमी होतो, पण झोप चढते, वजन वाढतं. ही पहाटे पाचला उठते. शिवाय पेटीत ती नाही. बुप्रोपिऑननंही त्रास कमी. फिट येणाऱ्याला मात्र ती चालत नाही, आणि बाहेरून घ्यायची म्हणजे महिन्याला एक-दोन रोजांची मजुरी. तिसरी वाट, तीच गोळी कमी मात्रेत. हा त्रास बरेचदा मात्रेबरोबर वाढतो, मात्रेबरोबर उतरतो.

ठरतं, एस्सिटालोप्रॅम 5. पेटीत 10 ची आहे. सिस्टर रेघेवर दाबून एक गोळी मोडून दाखवतात. मग बाईला मोडायला लावतात. दुसऱ्या खेपेला दोन तुकडे बरोबर होतात. "दोन आठवड्यांनी मी फोन करते. मन खाली जायला लागलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं." केसपेपरच्या मागं सिस्टर 14416 लिहितात. टेली-मानसचा हा नंबर 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. फोनला पैसे पडत नाहीत.

सकाळी 11.40
दोन पेशंटांच्या मधल्या फटीत सर बोलतात. स्पेनमधल्या डॉक्टरांनी 1997 साली 344 रुग्णांचा अभ्यास छापला. आपण होऊन हा त्रास सांगणारे 14 टक्के होते. डॉक्टरांनी थेट विचारलं तेव्हा 58 टक्के निघाले. 2001 साली त्यांनीच 1022 रुग्ण पाहिले. पुरुषांत हा त्रास जास्त जणांना होता, पण बायकांत त्याची तीव्रता जास्त होती.

"स्पेनमध्ये चौदा," सर म्हणतात. "इथं मी पुरुष डॉक्टर. मला कोण सांगणार?" आणि पुढचं नाव पुकारतात.

दुपारी 12.35
बाविशीची मुलगी, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. बाळंतपणानंतर सतत रडायची. आई घेऊन आली, सरट्रालिन सुरू झालं. अंगावर पाजणाऱ्या आईला बरेचदा हीच गोळी देतात, कारण दुधात ती फार कमी उतरते. आता हसते. आई बाहेर बाकड्यावर बसते, मगच दहावा प्रश्न निघतो.

"सिस्टर, दुखतं. फार दुखतं. आग होते."

इथं गोळीला दोष द्यायची घाई नाही. सिस्टर उलट चौकशी करतात. टाके पडले होते का? पडले होते. रात्री कितीदा उठतेस? चारदा, पाचदा. अंगावरच पाजतेस ना? हो. पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन कमी असतं, त्यानंही कोरडेपणा येतो. अपुऱ्या झोपेनं इच्छा जाते, नैराश्यानंही जाते. गोळी चौथी.

"त्रास गोळीच्या आधीपासून की नंतर?"

मुलगी आठवून बघते. "आधीपासून. पहिल्यांदा जवळ आलो तेव्हापासून."

मग गोळी तशीच राहते. टाके तपासायला चिठ्ठी स्त्रीरोगाच्या खोलीकडं जाते. औषधाच्या दुकानात पाण्याचं जेल मिळतं, ते सिस्टर सांगतात. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, रबर फाटतं. ट्यूब दीडशे-दोनशेची. मुलगी किंमत ऐकून दाराकडं, आईकडं बघते. "नवऱ्याला सांग आणायला," सिस्टर म्हणतात. "आणि दुखत असेल तर नाही म्हणायचं. तेही औषधच आहे."

दुपारी 1.50
जेवण. पोळी, शेवग्याची भाजी, कच्चा कांदा. हात धुऊन सिस्टर वहीतल्या खुणा ताज्या असताना नीट लिहून काढतात. जेवणाची सुट्टी वीस मिनिटांची होते.

दुपारी 2.25
पन्नाशीच्या मावशी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. शाळेत पोषण आहार शिजवतात. फ्लुओक्सेटिन घेऊन आठ महिने झाले. कागदावरचे आकडे छान. सिस्टर पेन खाली ठेवतात आणि त्यांनाही विचारतात. नवरा नाही म्हणून प्रश्न गळत नाही.

मावशी बराच वेळ चादरीकडं बघतात. मग सांगतात, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, तरी शरीर अधूनमधून जागं व्हायचं. एकटीचंच होतं, कुणाचं काही घेतलं नव्हतं. आता काही नाही. "गोळीनं दुःख गेलं. त्याच्याबरोबर तेही गेलं. या वयात मागायचं का, सिस्टर?"

"मागायचं, मावशी."

एवढंच उत्तर. मग रकान्यात नोंद, आणि सरांकडं. आठ महिने बऱ्या आहेत, म्हणून सर मात्रा बदलायचा विचार करतात, पण आज नाही. पहिल्या खेपेच्या नैराश्यात बरं वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालवतात. मावशींना बरं वाटू लागल्याला अजून पाच झालेत. पुढच्या महिन्यात हळूहळू उतरवायला घ्यायची असं ठरतं. सर आणखी एक गोष्ट लपवत नाहीत. बहुतेकांचा हा त्रास गोळी थांबल्यावर जातो, पण काहींचा नंतरही राहतो. 2019 साली युरोपच्या औषध नियामक संस्थेनं ही सूचना गोळ्यांच्या माहितीपत्रकात घालायला सांगितलं. मावशी ऐकून घेतात. "सांगितलं ते बरं केलं," म्हणतात. तारीख पदरात बांधून निघतात. साडेतीनची गाडी.

दुपारी 3.30
खळ्यावरच्या बाईचा नवरा फाटकाशी उभा आहे. तिला न्यायला आलाय, मोटारसायकलवर. बाई सिस्टरांना म्हणते, "तुम्हीच सांगा त्यांना. माझ्या तोंडून खरं वाटणार नाही."

चिंचेखाली उभ्यानं बोलणं होतं. दहा मिनिटं. गोळी मेंदूत काय करते, इच्छा कशी मंदावते, यात बाईचं ध्यान कुठं गेलेलं नसतं. नवरा पायानं माती सारत राहतो. मग विचारतो, "म्हणजे परत होईल ना पहिल्यासारखं?"

"बहुतेक होईल. वेळ लागेल. तोवर जबरदस्ती नाही. आणि गोळी बंद करायची नाही. ती जिवंत आहे ती या गोळ्यांनी."

तो मान हलवतो. किक मारतो. बाई मागं बसते, पिशवी मांडीवर घेते.

संध्याकाळी 4.40
चादर उतरते, दोरी गुंडाळली जाते. पेटीतल्या उरलेल्या पट्ट्या पुन्हा मोजायच्या. दिलेल्या आणि उरलेल्या मिळून सकाळचा आकडा जुळला पाहिजे. एक पट्टी कमी भरते. पुन्हा मोजणी. वहीच्या पुठ्ठ्यात सापडते.

मग सिस्टर पुढच्या महिन्याचं मागणीपत्र लिहायला घेतात. मिर्टाझापिन 15 मिलिग्रॅम, तीनशे गोळ्या. शेऱ्यात चार ओळी. नेहमीच्या गोळ्यांनी लैंगिक त्रास, रुग्ण उपचार सोडतात, पर्यायी औषध हवं. खाली पेन्सिलीच्या रकान्यातले नोंदणी क्रमांक. सर सही करतात. मागच्या वेळी मागणी कोऱ्या शेऱ्यानं गेली होती, तशीच परत आली. या वेळी क्रमांक आहेत.

संध्याकाळी 6.30
जीपनं सिस्टरांना चौकात सोडलं. घर पाच मिनिटांवर. त्या बसथांब्याच्या बाकड्यावर बसतात आणि गैरहजर यादीतलं पहिलं नाव लावतात. घरी गेल्यावर हे बोलणं होत नाही. तिथं मुलं असतात.

"बोलता येईल का आत्ता? एकट्या आहात? नाही, रागवायला फोन नाही केला. गोळ्यांनी दुसरा काही त्रास होतोय का, ते विचारायचं होतं. जवळ येण्याबाबत."

पलीकडून बरंच बोललं जातं. सिस्टर मध्ये मध्ये "हं" म्हणतात आणि गुडघ्यावरच्या वहीत लिहितात. शेवटी सांगतात, स्वतःच्या मनानं पुन्हा चालू करू नका, गुरुवारी जिल्ह्याला या, मी तिथं असते, सरांशी बोलू. तारीख दोनदा म्हणवून घेतात.

यादीत अजून चार नावं आहेत. फोनचं रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचं, त्यांच्याच पैशांतून. ते कुठल्या बिलात लावता येत नाही. सिस्टर दुसरा नंबर लावतात.